आंकड्यांतले बेकार

यंदा दिवाळींत आमच्या घरीं जेवावयास चौदा पानें होतीं. धाकटा पुतण्या व त्याची पत्नी जर्मनीहून आलीं होतीं, म्हणून सर्वांना विशेष आनंद. जेवणें आटोपल्यावर सुपारी कातरतां कातरतां आमचे दादा म्हणाले, "युरोपांत बाहेरून आलेले लोक फार बेकार! स्वीडनांत तर सहांत एक." कोणीच कांहीं बोललें नाहीं. सूनबाई विडे करीत होती, ती उठून आंत गेली.

दादांचा आंकडा खोटा नव्हता, हें मीं मागाहून कोष्टकें पाहिलीं तेव्हां कळलें. 2024 सालीं स्वीडनांत परदेशीं जन्मलेल्यांमध्यें बेकारी शेंकडा 16 च्या सुमारास होती. तेथेंच जन्मलेल्यांमध्यें ती याच्या निम्म्याहूनही कमी. पण लगेच हंगेरीकडे पाहावें, तर बाहेरून आलेल्यांना तेथें देशी लोकांइतकेंच काम मिळतें, कधीं कांकणभर अधिकच! हंगेरियन लोक मनाचे फार मोठे म्हणून नव्हे. तेथें येणाऱ्यांपैकीं पुष्कळ लोक रुमानियासारख्या शेजारच्या देशांतले, पण वंशानें व भाषेनें हंगेरियनच. याच्या उलट 2015 या एका सालांत स्वीडनकडे सुमारें 1,63,000 लोकांनीं आश्रय मागितला. त्यांत सीरिया, अफगाणिस्तान व इराक येथलेच बहुसंख्य. जीव वाचवून आलेला मनुष्य नोकरी ठरवून येत नसतो, आणि स्वीडनांत भाषेवांचून व शिक्षणावांचून मिळण्यासारखीं कामेंही थोडीं.

स्पेनची गोष्ट निराळी. तेथें घरबांधणीची भरभराट होती तोंवर परकी मजूर हवेसे होते. 2008 नंतर तो धंदा कोसळला, आणि 2013 सालीं देशांतली बेकारी शेंकडा 26 वर गेली असतां परकीयांत ती एकतृतीयांशाहून अधिक होती. जर्मनीनेंही 1961 सालीं तुर्कस्तानाशीं करार करून कामगार बोलावले व 1973 सालीं ती भरती बंद केली. पुढें खाणी व जुने कारखाने बंद पडूं लागले, तेव्हां त्यांतले किती तरी लोक घरीं बसले.

हें सारें मीं मोठ्या उत्साहानें सूनबाईस सांगितलें. (आंकडे सांपडले म्हणजे मला गप्प राहवत नाहीं, हा माझा जुना दोष.) तिनें शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाली, "काका, त्यांच्या हिशेबांत मी बेकारसुद्धां नाहीं."

तिचें म्हणणें अक्षरशः खरें. गेल्या चार आठवड्यांत काम शोधलें आणि दोन आठवड्यांत रुजू होण्याची तयारी आहे, असा बिनकामाचा मनुष्यच तेथें बेकार गणला जातो. सूनबाईनें पुण्यास चार वर्षें दंतवैद्यकी केली. जर्मनींत परवाना हवा असेल तर आधीं जर्मन भाषेची परीक्षा, नंतर वैद्यकज्ञानाची. दोन वर्षें ती घरीं बसून अभ्यास करीत आहे. काम शोधीत नाहीं, म्हणून बेकारांत नांव नाहीं. करीत नाहीं, म्हणून कामकऱ्यांतही नाहीं. पुतण्या मात्र इंजिनियर असल्यामुळें थेट चांगल्या रकान्यांत! तो आणि दमास्कसहून आलेला निर्वासित 'परदेशीं जन्मलेले' या एकाच मथळ्याखालीं मोडतात, हेंही मला त्याच दिवशीं प्रथम उमगलें.

दादांना मीं यांतलें कांहीं सांगितलें नाहीं. माजघरांतून त्यांनीं तें ऐकलें असावें. दोघें परत निघालीं त्या दिवशीं सूनबाई पायां पडावयास गेली, तेव्हां त्यांनीं तिला विचारलें, "तुझी ती भाषेची परीक्षा केव्हां?" ती म्हणाली, "मार्चमध्यें." दादा उठले, भिंतीवरचें नवें पंचांग उघडलें आणि चष्मा पुसूं लागले.