हर्ष न देणारी संख्या

बोईसर-पालघर पट्ट्याची ओळख बाहेरच्यांना सांगायची झाली की तारापूरचे १९६९ सालचे अणुवीजकेंद्र आणि औद्योगिक वसाहत या दोन गोष्टी पुढे येतात. मला तिसरे एक नाव त्यात घालावेसे वाटते : दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. त्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. हे गाव आता पालघर जिल्ह्यात आहे. आयुष्यभर त्यांनी देवळालीच्या शाळेत शिकवले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा कुठे हे नाव जगभर पोचले.

मी साहित्य शिकवतो. मला कापरेकरांचे आकर्षण त्यांच्या नामकरणामुळे वाटले. अंकांच्या बेरजेने जिला निःशेष भाग जातो, ती संख्या त्यांनी ‘हर्षद’ म्हटली. उदाहरणार्थ १८. हा केवळ अलंकार असेल अशी माझी समजूत होती. पण सातपेक्षा मोठी एकही मूळ संख्या हर्षद असू शकत नाही. तिला भाग जातो एकाने किंवा तिने स्वतःच. अंकांची बेरीज तिच्याएवढी होत नाही, आणि बेरीज एक आली तर ती संख्या दहा, शंभर अशी, म्हणजे मूळ नव्हेच. एका संस्कृत शब्दाने साऱ्या मोठ्या मूळ संख्या उंबऱ्याबाहेर ठेवल्या!

डोंबिवली स्थानकाच्या जुन्या नावावरून त्यांनी ‘डेम्लो’ संख्या मांडल्या. १२१, १२३२१ या त्यांतल्याच. त्या ११ आणि १११ यांचे वर्ग. नुसत्या एकांनी लिहिलेली संख्या मूळ असायची तर एकांची मोजणीही मूळ असावी लागते. सहा एक घेतले तर १११ गुणिले १००१ अशी फोड होते. पण तेवढेही पुरेसे नाही : १११ म्हणजे ३ गुणिले ३७. १०३१ एकांची संख्या मूळ असल्याची सिद्धता विल्यम्स आणि ड्युबनर यांनी १९८६ साली प्रसिद्ध केली. कापरेकर त्याच वर्षी गेले.

४९,०८१ एकांची संख्या ड्युबनर यांना १९९९ साली सापडली. सगळ्या चाचण्या तिच्या बाजूने होत्या. तरी २०२२ साली सिद्धता मिळेपर्यंत तिला ‘बहुधा मूळ’ असेच म्हटले गेले. तेवीस वर्षे जपलेला तो ‘बहुधा’ मला मोलाचा वाटतो. कवितेच्या अर्थाबद्दल आपण वर्गात किती सहज ‘निश्चितच’ म्हणतो! विद्यार्थ्यालाही परीक्षेसाठी तेच हवे असते. आपल्या विषयात तशी सिद्धता कधीच हाती येणार नाही, हे मान्य आहे. मग ‘बहुधा’ या शब्दाची जबाबदारी आपल्यावर गणित्यापेक्षा अधिक नाही का?