चार ‘यू’ आणि एक संथ डिस्क

लिनक्सवर चालणाऱ्या सर्व्हरमध्ये अनेक डिस्क एकत्र बांधून एक गट केलेला असेल, तर त्या गटाची तब्येत एका छोट्याशा फाईलमध्ये वाचता येते. डिस्क चार असतील तर चौकटी कंसात चार इंग्रजी ‘यू’ दिसतात. ‘यू’ म्हणजे ‘अप’, डिस्क उभी आहे. एखादी डिस्क गेली की तिच्या ‘यू’च्या जागी आडवी रेघ येते. त्या कंसात तिसरं चिन्ह नाही. डिस्क आहे किंवा नाही. ती थकली आहे, रखडते आहे, दहा वेळा विचारल्यावर एकदा उत्तर देते आहे, हे सांगायची त्यात सोयच नाही.

हे मला माहीत होतं, पण त्याचा अर्थ नीट कळला तो नगरमधल्या एका संस्थेत. (कागदोपत्री शहर आता अहिल्यानगर झालं आहे, बोलण्यात अजून नगरच.) संस्था छोटी. जुनी मोडी कागदपत्रं, हस्तलिखित पोथ्या, बंद पडलेल्या स्थानिक वर्तमानपत्रांचे अंक असं बरंच काही तिथे अनेक वर्षं स्कॅन होत होतं. सगळं एका सर्व्हरवर, चार टेराबाइटच्या चार डिस्कवर. माझं काम असे सर्व्हर सांभाळण्याचं, म्हणून मला बोलावणं आलं. तक्रार एका वाक्याची होती : ‘फार संथ चालतंय.’ पूर्वी दोन सेकंदांत उघडणारं पान आता मिनिटभर घेत होतं.

या चार डिस्क ‘रेड ५’ पद्धतीने बांधलेल्या होत्या. ही पद्धत समजायला सोपी आहे. समजा तीन कागदांवर ७, ४ आणि ९ लिहिले आणि चौथ्यावर त्यांची बेरीज, २०. आता यातला कुठलाही एक कागद हरवला तरी उरलेल्या तिघांवरून त्याच्यावर काय होतं ते काढता येतं. प्रत्यक्षात बेरीज नसते, बिटांची सम-विषम जुळणी असते आणि बेरजेचा मान आळीपाळीने चारही डिस्ककडे जातो, पण तत्त्व हेच. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातले डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी काट्झ यांनी १९८८ साली एका निबंधात ‘रेड’ ही कल्पना या नावाने मांडली. एका मोठ्या महागड्या डिस्कऐवजी पुष्कळ स्वस्त डिस्क वापरा. त्या जास्त वेळा मरतील, म्हणून मरणाची तजवीज आधीच करून ठेवा. पुढे हेच काम खास कार्डाशिवाय, ऑपरेटिंग सिस्टिमच करू लागली, त्याला सॉफ्टवेअर रेड म्हणतात. कमी पैशांत काम करणाऱ्या संस्थांना ते वरदानच ठरलं.

पण तजवीज मरणाची आहे, आजारपणाची नाही.

संशयित नेहमीचेच होते. नेटवर्कची केबल, अँटिव्हायरस, नगरचा एप्रिल. सर्व्हरवरच बसून एक मोठी फाईल एका जागेवरून दुसरीकडे नेऊन पाहिली. तिथेही तेच रडगाणं, म्हणजे केबल सुटली. प्रोसेसर जवळपास रिकामा, पण तो कामाअभावी नव्हे, डिस्कची वाट पाहत बसलेला. कंसात मात्र चार ‘यू’ दिमाखात उभे.

खरा धागा मिळाला तो ग्रंथपाल बाईंच्या वहीत. रोज किती पानं स्कॅन झाली याची ती साधी शाई-पेनाने लिहिलेली वही. शेवटच्या रकान्यात मधूनमधून एकच शब्द : ‘संथ’. आठ महिन्यांपासून. मी विचारलं, ‘‘हे कुणाला सांगितलं होतं का?’’

‘‘सांगितलं ना सर. पण बंद तर पडत नाही ना, म्हणाले. बंद पडल्यावर बघू.’’

तारखा पाहिल्या तर सुरुवातीचे बहुतेक ‘संथ’ महिन्याच्या पहिल्या सोमवारी आणि मंगळवारी होते. हे कोडं लगेच सुटलं. डेबियन जातीच्या लिनक्समध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी, पहाटे एकच्या सुमाराला गटाची आपोआप तपासणी सुरू होते. सगळ्या डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून बेरजा जुळतात का ते पाहिलं जातं. चार टेराबाइटची धडधाकट डिस्क हे काम एका दिवसाच्या आत उरकते. इथे ते मंगळवारपर्यंत रेंगाळत होतं. पुढच्या महिन्यांत ‘संथ’ इतर वारांनाही पसरला होता.

मग प्रत्येक डिस्कचे आकडे वेगळे काढले. तिघी दहा-पंधरा मिलिसेकंदांत उत्तर देत होत्या. चौथी कधी एक सेकंद, कधी चार. रेड ५ मध्ये मोठी फाईल तुकडे करून सगळ्या डिस्कवर पसरलेली असते, त्यामुळे एकही पान या चौथीला टाळून उघडत नव्हतं. लिहिताना तर आणखी वाईट : छोटासा बदल करायचा तरी जुना तुकडा वाचा, जुनी बेरीज वाचा, मग नवा तुकडा आणि नवी बेरीज लिहा. बैलजोडीतला एक लंगडू लागला की दुसऱ्याच्या ताकदीला अर्थ उरत नाही, तसं.

त्या डिस्कच्या स्वतःच्या नोंदवहीत वाचायला कठीण जाणारे दीडशेच्या वर सेक्टर जमा झाले होते. त्याच नोंदवहीत सर्वात वर एकूण निकाल होता : उत्तीर्ण.

यात कुणी खोटं बोलत नव्हतं. घरगुती संगणकासाठी बनवलेली डिस्क एखादा सेक्टर वाचता आला नाही की हट्टाने पुन्हापुन्हा प्रयत्न करते, कधीकधी मिनिटभरही. कारण तिला वाटतं, आपण एकटीच आहोत, आपण हरलो तर माहिती गेली. गटासाठी बनवलेल्या डिस्क साधारण सात सेकंदांत हात वर करतात, म्हणजे बाकीच्यांना बेरजेवरून उत्तर काढता येतं. लिनक्स सहसा तीस सेकंद थांबतं. आमची डिस्क त्याच्या आतच, धापा टाकत का होईना, बरोबर उत्तर देत होती. चूक नाही, म्हणून तक्रार नाही. तक्रार नाही, म्हणून ‘यू’ कायम. तिघी मदतीला तयार होत्या, पण ही मदत मागतच नव्हती.

विश्वस्तांपुढे विषय गेला. एक ज्येष्ठ विश्वस्त म्हणाले, ‘‘अहो, चालतीये ना? मग चालत्या गाडीला खीळ कशाला घालता?’’ हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. ती डिस्क उपटून नवी बसवली, तर नवी भरेपर्यंत उरलेल्या तिघींना पहिल्यापासून शेवटपर्यंत, मिळून बारा टेराबाइट, एकही चूक न करता वाचावं लागणार. चारही डिस्क एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच वयाच्या. साध्या डिस्कची हमीच मुळी साडेबारा टेराबाइटमागे वाचता न येणारी एखादी जागा निघू शकते, अशी असते. प्रत्यक्षात त्या याहून बऱ्याच चांगल्या वागतात, पण ती पैज संस्थेच्या एकुलत्या एका प्रतीवर लावायची नव्हती. होय, एकुलत्या एका. चार डिस्क आहेत म्हणजे चार प्रती आहेत, असं सगळे धरून चालले होते. रेड म्हणजे बॅकअप नव्हे हे वाक्य या धंद्यात सुविचारासारखं झालं आहे, आणि सुविचारासारखंच फळ्यावर राहतं.

म्हणून आधी सगळं बाहेरच्या दोन डिस्कवर उतरवायचं ठरलं. संथ गतीने त्याला कित्येक दिवस लागणार आणि मध्येच काहीही होऊ शकणार. तेव्हा पहिल्यांदा काय वाचवायचं? हे ठरवलं ग्रंथपाल बाईंनी, वहीवरूनच. ज्या कागदांचे पान उलटतानाच तुकडे झाले होते, ते आधी. त्या कागदांचा स्कॅन हीच आता मूळ प्रत होती. स्कॅनिंग थांबलं, दोन हजारांच्या आसपास फाईल पहिल्या रात्री उतरल्या, बाकीचं पुढच्या पाच दिवसांत.

त्यानंतर नवी डिस्क जोडली, पण जुनी न काढता. लिनक्समध्ये अशी सोय बऱ्याच वर्षांपासून आहे : जुनी डिस्क गटातच राहते, तिच्याकडून नवीवर नक्कल होते आणि जिथे तिला वाचताच येत नाही तिथे बाकीच्या तिघी हिशेब करून भरतात. जुनीचा ‘यू’ शेवटपर्यंत राहिला. नक्कल पुरी झाल्यावरच तिला बाजूला केलं. पानं पुन्हा दोन सेकंदांत उघडू लागली.

या सगळ्यात मला सारखं नेवासं आठवत होतं. ते याच जिल्ह्यातलं. ज्ञानेश्वरी तिथे शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली सांगितली गेली. पुढे नकलांवर नकला होत गेल्या, पाठ बिघडत गेले आणि जवळपास तीनशे वर्षांनी, शके १५०६ मध्ये, पैठणच्या एकनाथांनी तिची शुद्ध प्रत तयार केली. पहिल्या रविवारची तपासणी बेरीज चुकली एवढंच सांगते. चार डिस्कपैकी चुकली कोण, हे तिला ठरवता येत नाही. ते ठरवायला मजकूर कळणारा माणूस लागतो. आणि त्या माणसाला काम करता येतं ते प्रती वेगवेगळ्या घरांत, वेगवेगळ्या गावांत टिकलेल्या असतात म्हणून. चारही प्रती एकाच पेटीत असत्या, तर वाळवीला एकच पेटी पुरली असती.

संस्थेत आता बाहेरचा एक संच सावेडीला एका विश्वस्तांच्या घरी असतो, दुसरा नगरबाहेर. दर महिन्याला प्रत्येक डिस्कचा उत्तराचा वेळ आपोआप नोंदला जातो आणि तो दुप्पट झाला की मला निरोप येतो. ही व्यवस्था चोख आहे. तरी ग्रंथपाल बाईंना मी वहीतला शेवटचा रकाना चालू ठेवायला सांगितलं आहे आणि संस्थेने तो दर महिन्याच्या बैठकीत वाचायचं कबूल केलं आहे.