चालण्याचा वेग

मोटरसायकल शिकताना अवघड असतं ते हळू जाणं. चाळीसच्या वेगाला गाडी आपली आपण सरळ धावते, आपण फक्त तिच्या आड यायचं नाही. पण माणूस चालतो त्या वेगाला ती आली की डुलायला लागते, हँडल भलतीकडे ओढतं आणि पाय नकळत जमिनीकडे जातो. आरटीओची परीक्षा नेमकी इथेच असते. आठाचा आकडा काढायचा, तोही पाय न टेकता. क्लच अर्धा सोडायचा, दुधावरची साय काढताना हात जितका जपतो तितक्या बेताने. मागच्या ब्रेकवर पाय हलका ठेवायचा आणि नजर पुढच्या वळणावर.

"मावशी, चाकाकडे नको बघूस. बघशील तिकडे गाडी जाते," माझा भाचा ओरडायचा. मी ज्या दगडाला घाबरून बघायची, गाडी इमानाने त्याच्याचकडे निघायची.

आम्ही रविवारी सकाळी गागोदे बुद्रुकला जायचो. पेण-खोपोली रस्त्यावर ट्रक आणि टँकर इतके, की तिथे शिकाऊ माणसाने गाडी काढूच नये. गावाच्या अंगाला आत वळलं की भात कापून झालेली शेतं, कडेने मोकळा रस्ता आणि आपल्याला बघायला फारसं कुणी नाही. भाच्याने जागा निवडली ती एवढ्याचसाठी. विनोबा भाव्यांचा जन्म याच गावातला, ११ सप्टेंबर १८९५ चा, हे त्याला ठाऊक होतं; पण ते शाळेतल्या प्रश्नपत्रिकेपुरतं. मला मात्र ते वर्ष डोक्यातून काढता येईना. देशभर पायी हिंडलेल्या माणसाच्या गावात आपण चालण्याच्या वेगाला अडखळतोय, याची गंमतही वाटायची आणि थोडी लाजही.

त्याच्या आदल्याच वर्षी, १८९४ मध्ये, म्युनिकच्या हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलर यांनी विक्रीसाठी मोटरसायकल बनवायला घेतली. इंजिन जवळजवळ दीड हजार सीसीचं, आणि क्लच नाहीच. गाडी ढकलत पळायचं आणि तिने जीव धरला की उडी मारून बसायचं. हे वाचल्यापासून गाडी बंद पडली की मी स्वतःला एवढंच सांगायची, निदान क्लच तरी आहे.

आणि त्याच १८९५ मध्ये मॉस्कोत टॉलस्टॉय सायकल शिकत होते. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षात. वसंत ऋतू यायच्या आधी त्यांचा धाकटा मुलगा वान्या स्कार्लेट तापाने गेला होता, सात वर्षांचाही झाला नव्हता. शेंडेफळ, आणि बापाचा फार लाडका. त्यानंतर थोड्याच दिवसांत हा पांढऱ्या दाढीचा माणूस घोड्यांच्या मोठ्या बंदिस्त मैदानात सायकलचा तोल सांभाळायला लागला. 'युद्ध आणि शांती' लिहून कितीतरी वर्षं झालेली, साधेपणाचा आणि अंगमेहनतीचा उपदेश करणारा म्हणून जगभर नाव झालेलं. अशा माणसाने चकचकीत सायकलवर बसावं हे आदर्शांत बसतं का, असा प्रश्न त्यांच्याच गोटात निघाला. टॉलस्टॉय शिकले, आणि पुढे आवडीने सायकल चालवत राहिले. मॉस्कोतल्या त्यांच्या घराचं आता संग्रहालय झालंय, तिथे ती सायकल ठेवलेली आहे.

मी या गोष्टीपाशी पुन्हा पुन्हा येते. मूल गेलेल्या माणसाने सायकल का शिकावी? विसरण्यासाठी, असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. दोन चाकांवर तोल सांभाळताना विसरणं आणि आठवणं, दोन्हींना जागाच नसते. मन येऊन हातात बसतं. तेवढी दहा-पंधरा मिनिटं माणूस फक्त पुढचे चार हात रस्ता बघतो. आमच्या घरी तसं काही दुःख नव्हतं. मुलगी शिकायला पुण्याला गेली होती, इतकंच.

१८९५ मध्येच अमेरिकेत फ्रान्सिस विलर्ड या दारूबंदीवाल्या बाईंचं एक छोटं पुस्तक आलं, पन्नाशी उलटल्यावर आपण सायकल कशी शिकलो याचं. सायकलचं नाव त्यांनी ग्लॅडिस ठेवलं होतं. मी माझ्या गाडीचं नाव ठेवलेलं नाही. गाड्यांना नावं ठेवणारी माणसं मला जरा जास्तच हौशी वाटतात.

विनोबांकडे यायचं तर त्यांचं सगळंच मला पटतं असं नाही. आणीबाणीतले त्यांचे 'अनुशासन पर्व' हे शब्द निघाले की आमच्या घरात आजही दोन तट पडतात. पण उशिरा शिकण्याच्या बाबतीत त्यांच्याइतका धीट माणूस दुसरा दिसत नाही. चाळिशी ओलांडल्यावर वेल्लोरच्या तुरुंगात ते दक्षिणेतल्या चारही भाषा शिकले. १९५१ च्या मार्चमध्ये पवनारहून हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला संमेलनाला जायचं ठरलं, तेव्हा ते पंचावन्न वर्षांचे होते, प्रकृती तोळामासा आणि पोटाचं जुनं दुखणं. ते पायीच निघाले. १८ एप्रिलला पोचमपल्लीत भूदानाची पहिली शंभर एकर जमीन मिळाली आणि ते चालणं पुढे तेरा वर्षं थांबलं नाही. तेही माणसाच्या वेगाने, वाटेत कुणी काही बोलायला आलं तर ऐकू येईल अशा बेताने. सत्तरीच्या उंबरठ्यावर बिहारमधल्या तूफान यात्रेत मात्र त्यांनी गाडीचा आधार घेतला. मला हे मोठेपणाचं वाटतं. पायांचा हट्ट कुठे सोडायचा हेही कळावं लागतं.

सरकारच्या लेखी मात्र उतार चाळिशीलाच लागतो. लायसनच्या अर्जाला चाळिशीनंतर डॉक्टरचा दाखला जोडावा लागतो, नमुना १-अ. आमच्या डॉक्टरांनी डोळे तपासले, रक्तदाब बघितला आणि विचारलं, "मिस्टरांसाठी आहे का?" मी म्हटलं, "मिस्टर घाबरतात."

शोरूममध्येही तीच तऱ्हा. आत शिरले तशी त्या मुलाने थेट स्कूटरच्या रांगेकडे हात केला. "मॅडम, लेडीजना ही बरी. गियरची कटकट नाही, खाली सामान राहतं." मला त्याचा राग आला नाही. सत्तरच्या दशकात पुण्याची लुना आली आणि किती शिक्षिका आणि नर्सबाया तिच्यामुळे आपल्या पायावर, म्हणजे चाकावर, उभ्या राहिल्या हे मी पाहिलंय. बिनगियरच्या गाडीला मी कमी लेखत नाही. पण मला गियरची कटकटच हवी होती. डावा पाय, डावा हात, उजवा हात, उजवा पाय, चौघांनी चार कामं करायची आणि तरी गाडी एकच चालायची, यातली मजा त्याला सांगत बसले नाही. "ती शंभर सीसीची दाखवा," म्हटलं, "काळी."

नंबर पडला एमएच ०६. हार, नारळ, चाकाखाली लिंबू, पेढे सगळं झालं. सासूबाईंनी हळद-कुंकू लावलं आणि विचारलं, "एवढी जड गाडी पडली तर उचलशील का गं?" उचलायला भाच्याने आधीच शिकवलं होतं: गाडीकडे पाठ करून बसायचं, हँडल आणि मागची सळई धरायची आणि पायांच्या जोरावर रेटत मागे जायचं. पाठीने उचलायचं नाही. बायकांना हे कळायला वेळ लागत नाही. मांड्यांच्या जोरावर उचलणं आपण हंड्या-कळशांपासून करत आलो आहोत.

तुमचं शोरूम असेल, किंवा घरात नुसतीच उभी राहिलेली एखादी मोटरसायकल असेल, तर एक विनंती आहे. पन्नाशीकडे झुकलेली कुणी बाई तिच्यापाशी थांबली, तर तिला लगेच स्कूटर दाखवू नका. कुठली हवी ते आधी तिला विचारा.