तोंडचे पाणी

मराठी भाषेत तोंडाचा आणि पाण्याचा संबंध फार जुना आहे. आवडता पदार्थ दिसला की तोंडाला पाणी सुटते, आणि संकट समोर उभे राहिले की तोंडचे पाणी पळते. पण हे पाणी येते कोठून आणि खरोखरच पळाले तर काय होते, ह्याचा विचार आपण सहसा करीत नाही. तंजावरला बदली होऊन आल्यावर तो मला करावा लागला. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात करावा लागला, हे एका परीने बरेच झाले. पाण्याचा विचार करावयास शिकविणारी ह्याहून चांगली शाळा नाही.

येथील शेतकरी आपले वर्ष मेट्टूरच्या धरणावरून मोजतो. 1934 साली पुऱ्या झालेल्या ह्या धरणाचे पाणी 12 जूनला सोडावे अशी रीत आहे. साठा असला तर ती पाळली जाते, नसला तर मोडते. 2024 साली पाणी सुटायला जुलै संपत आला होता. सुटलेले पाणी कल्लणैच्या प्राचीन बंधाऱ्यापाशी येते, तेथून कावेरी, वेण्णार आणि कालवा अशा वाटांनी फुटते, आणि फुटत फुटत शेताच्या बांधाशी पोहोचते. वाटेतल्या गावांना त्याचे काही अप्रूप नसते. पाणी निम्मे झाले की ओरड उठते ती कालव्याच्या टोकाकडल्या गावांतून.

माझी आई सातारा जिल्ह्यातली. वडील गेल्यावर ती आमच्याकडे राहावयास आली. शाळेत तमिळ आणि इंग्रजी बोलणाऱ्या माझ्या मुलीला मराठी मिळे ते आजीच्या रात्रीच्या गोष्टींतून. गेल्या वर्षी ह्या गोष्टी हळूहळू आखूड होऊ लागल्या. राजा शिकारीला निघे, आणि तेवढ्यातच आजी तांब्याकडे हात करी. भाकरीचा घास तिच्या तोंडात नुसता घोळत राही, खाली उतरत नसे. “अरे, जीभ टाळूला चिकटते बघ. शब्दच सुटत नाहीत,” असे ती एकदा म्हणाली, आणि पुढे तेही म्हणेनाशी झाली. शेजारणींनी दोष हवेला दिला. पुढे एके सकाळी इडली खाताना तिचा दात हिरडीलगत मोडला. इडलीसारख्या मऊ पदार्थाने दात मोडावा, हे मात्र हवेच्या माथी मारता येईना.

कुंभकोणमच्या रस्त्यावरील एका लहान गावात वडील आणि मुलगी मिळून दातांचा दवाखाना चालवितात. खाली दवाखाना, वर बिऱ्हाड. आसपासच्या खेड्यांतली माणसे बसने येतात, आणि आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांचे दात ह्या दोघांना तोंडपाठ असतात. वडील डॉक्टरांनी आईच्या गालाला आतून आरसा लावला, तो तेथेच चिकटून राहिला. त्यांनी मुलीकडे पाहून दोनच शब्द उच्चारले : “वाय् वरट्ची.” ‘वाय्’ म्हणजे तोंड; आणि ‘वरट्ची’ हा शब्द तमिळमध्ये दुष्काळासाठीही वापरतात. मी आईला मराठीत सांगितले, “तोंडात दुष्काळ पडला आहे.” ती प्रथमच हसली.

मग त्या मुलीने आम्हांला समजावून दिले. लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या, गालांत, जबड्याखाली आणि जिभेखाली, असतात. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ येते. ती घास भिजविते आणि शब्द सैल करते, हे उघडच आहे. पण तिचे खरे काम न दिसणारे आहे. खाल्ल्यानंतर तोंडात उत्पन्न होणारे आम्ल ती धुऊन टाकते, आणि दाताच्या कवचातून झिजलेले क्षार त्याला परत देते. नदीने गाळ आणून जमीन भरून काढावी, तसाच हा प्रकार. लाळ निम्म्याच्या आसपास उतरेपर्यंत माणसाला कोरड जाणवतही नाही. आणि जाणवते तेव्हा मुळांशी कीड लागलेली असते. आईचा दात इडलीने मोडला नव्हता. तो आधीच पोखरलेला होता.

“अम्मा घेतात त्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा,” असे वडील डॉक्टर म्हणाले. आम्ही नेल्या. त्यांनी त्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि एका जाड वहीत त्यांची नोंद केली. शिंकांसाठी एक, झोपेसाठी एक, रात्री वारंवार उठावे लागते म्हणून एक, रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी एक. प्रत्येक गोळी कोणा ना कोणा डॉक्टरांनी योग्य कारणासाठीच दिलेली होती. पण चौघींचाही थोडाथोडा भार लाळेवर पडत होता. त्यांनी स्वतः एकही गोळी बंद केली नाही. आमच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली. त्यांनी एक गोळी थांबविली आणि दुसरी बदलली. कारकुनाच्या डोळ्यांना ती वही फार आवडली. ह्याच तंजावरात सरफोजी राजांनी (कारकीर्द 1798 ते 1832) धन्वंतरी महाल चालविला, आणि तेथल्या नेत्ररुग्णांच्या नोंदी सरस्वती महाल ग्रंथालयात राहिल्या आहेत. रोग्याचे नीट लिहून ठेवणे ही ह्या गावाची जुनी सवय म्हणावयाची.

उपचार असा चमत्काराचा नाही. तो पाण्याच्या पाळीचा आहे. तांब्याभर पाणी एकदम पिण्यापेक्षा घोटघोटभर, वारंवार. फ्लोराइडची पेस्ट दोन वेळा. जेवणानंतर पेलाभर पाण्यात चिमूटभर मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा घालून चूळ. चघळायला साखर नसलेली गोळी; आंबट गोळ्यांनी पाणी सुटते खरे, पण लाळेवाचून उघडा पडलेला दात त्या आंबटानेच झिजतो. चिंचेचे तिखट रसम् बंद, ताकभात सुरू. कॉफी दोनदाच आणि बिनसाखरेची. कुंभकोणमच्या कॉफीच्या देशात ही शिक्षा थोडी कठोरच झाली. दर तीन महिन्यांनी दाखवावयाचे.

शेजारणींनी सुचविलेला विडा मात्र तेथे नामंजूर झाला. कुंभकोणमच्या पानाला 2025 साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि लग्नाच्या पंगतीनंतर ते हातात आल्यावाचून येथला पाहुणा उठत नाही. “पानाचे कौतुक मलाही आहे,” असे डॉक्टर म्हणाले, “पण सुपारी माझ्या दारात नको.” सुपारी तंबाखूवाचून खाल्ली तरी कर्करोगाला कारण होते, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने 2004 सालीच दिला आहे. घटकाभर तोंड ओले करणारी ही वस्तू पुढे तोंड उघडणेच अवघड करून ठेवते. असे रोगी त्या दवाखान्यात रोज येतात.

आईची कोरड पुरती गेलेली नाही, जाणारही नाही. आठ महिन्यांत आणखी दात मात्र मोडला नाही. भाकरी ती आता दुधात कुस्करून खाते. गोष्टीतला राजा शिकारीहून परत येतो. वाटेत दोनतीनदा पाणी पितो, एवढेच. नातीला ते गोष्टीतलेच वाटते.

बृहदीश्वराच्या आवारातील भिंतीवर 1803 साली कोरविलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास आहे. नवा मराठी माणूस येथे आला की आपण त्याला तो अभिमानाने दाखवितो. पण सतराव्या शतकात व्यंकोजीराजांबरोबर आलेली मराठी येथल्या घरांत आजवर ऐकू येते, ती म्हाताऱ्या माणसांनी ती नातवंडांशी बोलत ठेवली म्हणून. आपणां बदलीवाल्यांच्या घरीही हे काम बहुधा एखाद्या आईकडे किंवा सासऱ्यांकडे असते. ती बोलायची कमी झाली, पाण्याचा तांब्या जवळ ओढू लागली, तर म्हातारपण किंवा हवा म्हणून सोडून देऊ नये. तिच्या गोळ्यांची पिशवी एकदा टेबलावर उलटी करावी, आणि वाचता येणाऱ्या माणसाला दाखवावी.