वायूच्या वाटेवरील राखणदार

दारे दोन प्रकारची असतात. एक, मनुष्याने हाताने लोटल्याखेरीज न मिटणारे. आणि दुसरे, कोणी धरून ठेवल्याखेरीज उघडे न राहणारे. पहिल्या दाराची सर्व भिस्त घरधन्याच्या जागेपणावर असते. दुसऱ्याचे तसे नाही. धरणारा हात सुटला की ते आपल्या स्वभावानेच मिटते. वरवर पाहता हा भेद क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या घरात विस्तवाचे अन्न नळीवाटे येते, त्या घरातील माणसांच्या जीविताचा प्रश्न पुष्कळदा ह्याच भेदावर येऊन ठरतो. तो कसा, हे वाचकांपुढे थोडक्यात मांडण्याचा आमचा हेतू आहे.

अग्नीचे भय जुनेच आहे, व त्यावरील उपायांचा विचारही जुनाच आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात नगराच्या अधिकाऱ्याची कर्तव्ये सांगताना ह्या विषयाचा तपशीलवार ऊहापोह केलेला आढळतो. उन्हाळ्यात दिवसाच्या मधल्या भागांत विस्तव पेटवू नये. गृहस्थाने घरी पाण्याचे घट, शिडी, कुऱ्हाड, सूप, आकडा, कातड्याची पखाल इत्यादी साहित्य सिद्ध ठेवावे. न ठेवील त्यास दंड करावा. रस्तोरस्ती पाण्याने भरलेली भांडी मांडून ठेवावीत. असे ते नियम आहेत. त्या काळच्या मानाने ही व्यवस्था परिपूर्णच म्हटली पाहिजे. तथापि तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती ही की, आग डोळ्यांस दिसेल आणि ती पाहणारा मनुष्य जागा असेल.

आमच्या आजच्या स्वयंपाकघरात हे गृहीत कृत्य टिकत नाही. सिलिंडरातील १४.२ किलो इंधन द्रवरूपाने दाबून भरलेले असते. त्याचा वायू होताना आकारमान सुमारे २५० पट वाढते. तो हवेहून जड असल्यामुळे जमिनीलगत पसरतो, ओट्याखाली व कोपऱ्यांत साठून राहतो. आणि शंभर भाग हवेत दोन भाग मिसळला, तरी एका ठिणगीने पेट घेण्यास तेवढा पुरेसा होतो. शिवाय तो डोळ्यांस दिसत नाही आणि त्यास स्वतःचा म्हणावा असा वासही नसतो. जो उग्र दर्प आपणांस परिचित आहे, तो मर्कॅप्टन नामक द्रव्य बुद्ध्या मिसळून आणलेला असतो.

ह्या मिसळीच्या प्रथेमागे एक हृदयद्रावक हकीकत आहे. अमेरिकेतील टेक्सास संस्थानात न्यू लंडन येथील शाळेच्या इमारतीखाली नैसर्गिक वायू झिरपून साठला होता. त्यास वास नसल्याने कोणासही संशय आला नाही. १८ मार्च १९३७ रोजी एका विजेच्या यंत्राची ठिणगी पडली, आणि सुमारे तीनशे मुले व शिक्षक क्षणार्धात मृत्युमुखी पडले. त्यानंतर तेथे वायूस वास देण्याचा कायदा झाला आणि ती रीत पुढे जगभर पसरली. उभा जन्म वर्गात काढलेल्या आमच्यासारख्यास ही हकीकत वाचून पुढचे पान उलटणे कठीण गेले.

वास देण्याने असंख्य प्राण वाचले, ह्यात संशय नाही. परंतु विचार करता असे दिसेल की, हा उपायही पहिल्या प्रकारच्या दारासारखाच आहे. वास आला तरी तो घेणारे नाक हवे; ते नाक जागे हवे; आणि वास कळल्यावर उठून कॉक बंद करणारा हातही हवा. ह्या तिहींपैकी एक जरी नसेल, तरी उपाय लंगडा पडतो. ह्याचा प्रत्यय आम्हांस आमच्याच घरी आला.

आमच्या मातोश्रींचे वय आज अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहे. दृष्टी बेताची, श्रवणही बेताचेच. परंतु सकाळचे दूध आणि देवाचा नैवेद्य ही दोन कामे त्यांनी अद्याप दुसऱ्या कोणाच्या हाती दिलेली नाहीत. दोन वर्षांपूर्वी एके सकाळी दूध उतू जाऊन शेगडी विझली आणि वायू तसाच सुटत राहिला. मातोश्री तेथेच तीन-चार हातांवर पाटावर बसून वाती वळीत होत्या. त्यांस काहीच कळले नाही. शेजारच्या काकू फुले देण्यास आल्या, त्यांनी दारातूनच ओरडून सर्वांस सावध केले व खिडक्या उघडल्या. पुढे डॉक्टरांनी सांगितले की, उतारवयात वास घेण्याची शक्ती पुष्कळांची मंदावते. आणि ती हळूहळू जात असल्यामुळे ती गेल्याचे त्या मनुष्यास ठाऊकही नसते. म्हणजे ज्या घ्राणेंद्रियाच्या भरवशावर सारी व्यवस्था रचलेली, ते ह्या घरात सर्वांत अधिक वेळ शेगडीजवळ वावरणाऱ्या व्यक्तीपाशी उरलेले नव्हते.

पुण्याहून धाकट्या बंधूंचा फोन आला, “दादा, आईला आता शेगडीजवळ जाऊ देऊ नका.” सल्ला सद्हेतूचा होता आणि घरात सर्वांस तो पटलाही. मातोश्रींनी तो ऐकून घेतला. रागावल्या नाहीत. फक्त एवढेच म्हणाल्या, “अरे, चूल सुटली म्हणजे मग मी ह्या घरात कशाला उरले?” ह्या प्रश्नास उत्तर देणे आम्हांस सुचेना. एका बाजूस सबंध घराचे प्राण आणि दुसऱ्या बाजूस सत्तर वर्षे चूल सांभाळलेल्या स्त्रीचा मान. ह्यांपैकी एकाचाच स्वीकार करता येईल, असा तो पेच होता.

त्यातून वाट निघाली ती एका लहानशा साधनाने. ज्योत विझताच वायू आपोआप बंद करणारी शेगडी बाजारात मिळते, असे भांड्यांच्या दुकानदाराने सांगितले. आपल्याकडील सर्वसाधारण शेगड्यांत हे साधन क्वचितच असते. त्याची रचना अशी: दोन भिन्न धातू एकत्र जोडून तो सांधा तापविला असता त्यात अल्पशी वीज उत्पन्न होते. हा गुण झेबेक नामक शास्त्रज्ञाने १८२१ साली दाखवून दिला. असा एक सांधा बर्नरच्या ज्योतीत बसविलेला असतो. त्यातून निघणारी वीज एका चिमुकल्या विद्युच्चुंबकास बळ देते आणि तो चुंबक वायूची झडप उघडी धरून ठेवतो. झडपेमागे स्प्रिंग असते. तिची ओढ सदैव मिटण्याकडे. ज्योत विझली की सांधा निवतो, वीज आटते, चुंबकाची पकड सुटते आणि स्प्रिंग झडप लावून टाकते. बाहेरच्या विजेची गरज नाही, नाकाची नाही, हाताचीही नाही.

शेगडी घरी आल्यावर खिडक्या उघड्या ठेवून आम्ही मुद्दाम ज्योत विझवून पाहिली. मिनिटाच्या आत आतून बारीकसा ‘टक्’ असा आवाज झाला व वायू थांबला. मातोश्रींना तो आवाज ऐकू येणे शक्य नव्हते. म्हणून त्यांचे बोट शेगडीच्या कडेस लावून तो धक्का त्यांस जाणवून दिला. त्या म्हणाल्या, “म्हणजे हिला आपले आपण कळते तर!” सकाळचे दूध आजही त्याच तापवितात.

ह्याच तत्त्वावरील आणखी दोन साधनांची माहिती वाचकांस असणे इष्ट आहे. पहिले, उष्णतेने मिटणारी झडप. बिस्मथ, शिसे, कथील व कॅडमियम ह्यांचा विशिष्ट प्रमाणात मिश्रधातू केला, तर तो सुमारे ७० अंश सेल्सिअसला, म्हणजे उकळत्या पाण्याहूनही कमी उष्णतेत, वितळतो. अशा जातीच्या धातूच्या लहानशा दुव्याने झडप उघडी धरून ठेवलेली असते. आग लागून दुवा वितळला की स्प्रिंग किंवा वजन झडप ओढून घेते आणि आगीचे अन्न तुटते. कारखान्यांत तेलाच्या व वायूच्या नळांवर अशा झडपा बसवितात. जर्मनीत तर इमारतींतील वायूच्या उपकरणांपूर्वी उष्णतेने मिटणारी झडप असणे नियमाने आवश्यक आहे. दुसरे साधन, अतिप्रवाह रोखणारी झडप. नळ तुटला की वायू एकाएकी वेगाने धावू लागतो. तो वेगच आतील चकती ढकलून स्वतःची वाट बुजवितो. जपानात तर घरोघरच्या वायूच्या मीटरमध्येच अशी योजना आहे की, मोठा भूकंप होताच पुरवठा आपोआप थांबावा. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट ज्या मराठवाड्याने अनुभवली आहे, त्यास ह्या योजनेचे मोल निराळे सांगावयास नको.

आता आमच्या नगराची गोष्ट. १ फेब्रुवारी २०२४ रोजी पहाटे छत्रपती संभाजीनगर येथे जालना रस्त्यावर सिडकोच्या उड्डाणपुलापाशी वायूने भरलेला एक टँकर धडकला व त्यातून वायूची गळती सुरू झाली. भोवतालच्या वस्तीची वीज तोडण्यात आली. घरात काडी ओढू नका, शेगडी पेटवू नका, असे सांगण्यात आले. रस्ता बंद झाला. अग्निशामक दलाने दिवसभर पाण्याचा मारा चालविला. ठिणगी पडली नाही, आणि सहस्रावधी माणसे वाचली. त्याच वर्षी २० डिसेंबरच्या पहाटे जयपूरनजीक भांकरोटा येथे अशाच एका टँकरास ट्रकने धडक दिली, वायू सुटला. परंतु तेथे ठिणगी पडली. वीसच्या आसपास माणसे होरपळून मेली. अपघात एकाच जातीचा, इंधन तेच, वेळही पहाटेचीच. आमचे रक्षण जवानांच्या शर्थीने झाले, हे खरे. परंतु ते जवान येऊन पोहोचेपर्यंतचा काळ केवळ दैवाने दिलेला होता, हेही तितकेच खरे. अशा टाकीची झडप टाकीच्या आतल्या अंगास असावी, बाहेरचा नळ मोडला तरी ती शाबूत राहून आपोआप मिटावी, हा शास्त्राचा आग्रह एवढ्याचसाठी आहे.

कोणी म्हणेल, जागा व जाणता मनुष्य असला म्हणजे झाले. परंतु जाणता मनुष्यही पुष्कळदा आज्ञेची वाट पाहत बसतो. ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातील ‘पायपर अल्फा’ ह्या तेलमंचास आग लागली. तो नळांनी शेजारच्या मंचांशी जोडलेला होता. आग डोळ्यांस दिसत असतानाही शेजारून प्रवाह काही काळ चालूच राहिला. वरिष्ठांच्या संमतीवाचून एवढे मोठे काम थांबवावे कसे, ह्या संकोचाने निर्णय लांबला. त्या दुर्घटनेत १६७ माणसे दगावली. वितळणारा दुवा कोणाची संमती मागत नाही. दुबळ्या धातूच्या अंगी असलेला हा गुण अधिकारी पुरुषांच्या अंगीही नेहमी असतोच असे नाही.

यंत्रावर विसंबून मनुष्य गाफील होतो, हा आक्षेप मात्र विचारार्ह आहे. कोणतेही एक साधन सर्व संकटे वारू शकत नाही. ज्योतीवर पहारा करणारी झडप रबरी नळीच्या चिरेस रोखू शकत नाही. उष्णतेने मिटणारी झडप आग लागेपर्यंत स्वस्थ असते. न पेटलेली गळती तिला कळत नाही. अतिप्रवाहाची झडप मोठ्या फुटीस ओळखते, बारीक झिरप्यास नाही. शिवाय राखणदारासही कोणी पाहावे लागते. वितळणाऱ्या दुव्यावर रंगाचे थर चढविले, किंवा वारंवार मिटते म्हणून कंटाळून झडप तारेने बांधून ठेवली, तर ते साधन असून नसल्यासारखेच. म्हणून मनुष्याची दक्षता नको, असे आमचे म्हणणे नाही. दक्षता राखणदारास तपासण्यात खर्च व्हावी, आणि रात्रंदिवसाचा पहारा राखणदाराने करावा, एवढेच म्हणणे आहे.

हा विचार आजच करण्याचे कारण असे की, अहमदनगर व औरंगाबाद ह्या नावांनी तेव्हा ओळखले जाणारे आमचे दोन जिल्हे २०१८ साली नळाने वायू पुरविण्याच्या योजनेत आले. नळांचे ह्या नगरास नावीन्य नाही. मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या आरंभी येथे नहर आणली. तिच्या वाटेत दाब सावरण्यासाठी व हवा निघून जाण्यासाठी ठिकठिकाणी उंच मनोरे बांधले. पाण्याचा नळ फुटला तर जमीन भिजते, आणि तरीही त्या कारागिरांनी नळाच्या दाबाचा एवढा विचार केला. वायूचा नळ घरात घेताना आपण त्याहून कमी विचार करावा, हे शोभणार नाही. नळाने येणारा नैसर्गिक वायू हवेहून हलका असतो व छताकडे साठतो, म्हणून त्यास वरच्या अंगाचे झरोके हवेत. सिलिंडराच्या वायूस खालच्या अंगाचे. एवढा भेदही पुष्कळ घरांत ठाऊक नसतो.

आमच्या वाचकभगिनींस व बंधूंस विनंती एवढीच. नवी शेगडी घेताना ज्योत विझल्यावर मिटणारी झडप तिच्यात आहे काय, हे आधी विचारावे, काचेचा रंग मागाहून पाहावा. रबरी नळीवर छापलेली मुदत वाचावी व पाच वर्षांनी ती निश्चित बदलावी. रात्री निजण्यापूर्वी रेग्युलेटर बंद करण्याचा परिपाठ मोडू नये. नळाचा वायू इमारतीत यावयाचा असेल, तर सभेत खर्चाच्या आकड्यांपूर्वी झडपांचा प्रश्न विचारावा. आणि ज्या घरी वृद्ध माणसे आहेत, तेथे त्यांस चुलीपासून दूर करण्याआधी चूलच त्यांच्याजोगी करता येते काय, हे एकवार अवश्य पाहावे.