हैदराबादची टीम आणि आमच्या बोर्डावरचा चार

इतकी वर्षं हिंजवडीत प्रोजेक्ट मॅनेजरी करतोय, गँट चार्टच्या पट्ट्या मागेपुढे सरकवण्यात निम्मं आयुष्य गेलं, आणि हैदराबादची ही गोष्ट मला आत्ता कळतेय! भेटेल त्याला सांगत सुटलोय. लिफ्टमध्येसुद्धा.

गोष्ट २००४-०५ सालची. मायक्रोसॉफ्टच्या अंतर्गत सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त्या करणारी छोटीशी टीम हैदराबादेत बसायची. तीन डेव्हलपर, तीन टेस्टर. एक विनंती पूर्ण व्हायला सरासरी किती दिवस? १५५! ड्रॅगोस दुमित्रिउ नावाच्या मॅनेजरकडे ही टीम आली आणि त्याने मायक्रोसॉफ्टमधल्याच डेव्हिड अँडरसनला हाताशी धरलं. आपण काय केलं असतं ते मला पाठ आहे: माणसं मागितली असती, शनिवारी बोलावलं असतं, दिवसातून दोन स्टेटस कॉल लावले असते.

यांनी एस्टिमेट देणंच बंद केलं! अहो, खरंच. नवी विनंती आली की ४८ तासांत तिचा अंदाज द्यायचा, असा नियम होता. मग हातातलं काम टाकून सगळे त्यात डोकं घालणार. टीमची सुमारे एक तृतीयांश ताकद त्यातच जायची, आणि अंदाज बांधलेल्या कितीतरी विनंत्या पुढे कधी होतच नसत. दुसरं, एका वेळी हातात किती कामं घ्यायची यावर मर्यादा घातली. टोयोटाच्या कारखान्यातली कानबान पद्धत, फक्त सॉफ्टवेअरला लावलेली. माणसं नंतर थोडी वाढली, खोटं कशाला सांगू. पण सरासरी १५५ वरून १४ दिवसांवर आली, तीही वर्षभरात!

असं कसं होतं म्हणून खणत गेलो तर जॉन लिटल भेटले. त्यांनी १९६१ मध्ये सिद्धता दिलेला नियम कागदाच्या कपट्यावर मावतो: हातातली कामं भागिले आठवड्याला पूर्ण होणारी कामं, म्हणजे एका कामाला लागणारा सरासरी वेळ. हातात ३० कामं, आठवड्याला ५ संपतात, तर ६ आठवडे. वेग तोच ठेवून हातातली १५ केली की ३ आठवडे. संपलं! कुणालाही न ओरडता!

तर आमच्या कामांच्या बोर्डावर रिव्ह्यूच्या रकान्याखाली मार्करने मोठा ४ लिहिला: एका वेळी चारच कामं. रिव्ह्यूच का? तर एआय हाताशी आल्यापासून कोड भराभर पडतोय आणि तो वाचणारे डोळे तेवढेच आहेत. त्या रकान्यात कामांच्या चिकट्या एकमेकींवर चढल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी आमचा सगळ्यात घाईचा डेव्हलपर आपली पिवळी चिकटी घेऊन आला. रकान्यात चार आधीच लागलेल्या. तो थांबला, माझ्याकडे पाहिलं, मी मुद्दाम खिडकीबाहेर बघत राहिलो. मग पठ्ठ्याने खुर्ची ओढली आणि शेजारणीचा कोड तपासायला बसला! मी काही बोललो नव्हतो! एरवी हेच काम करून घ्यायला मला तीन मेल आणि एक चहा लागतो.

आता ‘किती टक्के झालं?’ हे विचारायचं सोडलंय. (उत्तर नेहमी नव्वदच असतं, आणि उरलेल्या दहाला महिना लागतो.) आता विचारतो, सगळ्यात जुनी चिकटी कुठली, आणि ती कशापायी अडलीय? गिऱ्हाईकाला तारीख द्यायची तर मागच्या आठवड्यांत दर आठवड्याला किती कामं संपली ते आकडे घ्यायचे, काँप्युटरकडून हजारो वेळा फासे टाकवायचे, आणि ‘अमुक तारखेपर्यंत ८५ टक्के शक्यता’ असं सांगायचं. मॉन्टे कार्लो म्हणतात त्याला. कॉलेजात ज्या संख्याशास्त्राला कंटाळायचो, ते रात्री जागून वाचतोय, बायको थक्क आहे! आणि हे काही बंडखोरांचंच खूळ राहिलेलं नाही. प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं बायबल समजलं जाणारं पीएमबॉक गाइडसुद्धा २०२१ च्या सातव्या आवृत्तीत ठरावीक प्रक्रियांच्या चौकटीऐवजी १२ तत्त्वांवर आलं.

आमच्या डिलिव्हरी हेडना मात्र अजून पटलेलं नाही. ‘माणूस रिकामा दिसला तर बिलिंगचं काय?’ हा त्यांचा प्रश्न, आणि तासावर पैसे घेणाऱ्या धंद्यात तो गैरही नाही. सोमवारी तीस-पाच-सहाचं गणित घेऊन त्यांच्या केबिनमध्ये शिरणार आहे, आणि पटलं तर लगेच टेस्टिंगच्या रकान्याखालीही ३ लिहायची परवानगी मागणार आहे.