टाळू

आषाढातल्या एका पहाटे, बाहेर पाऊस धो धो कोसळत असताना आणि कळांनी माझं अंग धुतल्या कपड्यासारखं पिळून टाकलेलं असताना, नर्सने त्याला माझ्या छातीवर ठेवलं. त्याचा चेहरा मला दिसलाच नाही आधी. माझी हनुवटी त्याच्या डोक्याला टेकली होती आणि तिथं, ओल्या चिकट जावळाखाली, काहीतरी उडत होतं. हाड नव्हतं तिथं. चिमणीच्या पिल्लाचा गळा हलावा तसं पातळ कातडीखाली काहीतरी वरखाली होत होतं.

टाळू.

त्याचं डोकं जरा लांबुळकं दिसलं म्हणून मी घाबरले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अगं, वाट केवढीशी असते! येताना कवटीची हाडं एकमेकांवर सरकतात. होईल दोन-चार दिवसांत गोल." मी ऐकत राहिले. रात्रभर मला वाटत होतं की सोसणारी मी एकटीच आहे. या घुसमटीला, या कळांना माझ्याशिवाय कुणी साक्षीदार नाही. आणि तिकडे आत, त्या मिट्ट काळोखात, नऊ महिने ज्याच्यासाठी मी सैल होत गेले तो निघायच्या वेळी अंग चोरून, हाडावर हाड घेऊन, माझ्यातून वाट काढत होता.

माहेरी वाईला आले तेव्हा श्रावण लागला होता. बाळंतिणीच्या खोलीत ओवा आणि बाळंतशेपांचा वास, खाटेखाली शेगडीची ऊब, दांडीवर न वाळणारी दुपटी, आणि खिडकीबाहेर कृष्णेकडून येणारा ओला वारा. (धुरी मात्र मी घेऊ दिली नाही. एवढ्याशा छातीत धूर कशाला?) आंघोळीनंतर आई कोमट खोबरेल तळव्यावर घ्यायची आणि त्याच्या टाळूवर हात ठेवायची. चोळायची नाही, दाबायची नाही, नुसता ठेवायची. थोड्या वेळाने तिचा तो सुरकुतलेला हातच त्याच्या ठोक्यावर हलतोय असं मला वाटायला लागायचं. मग उरलेलं तेल ती माझ्या माथ्यावर जिरवायची. "बाळंतिणीचीही टाळू भरावी लागते," एवढंच म्हणायची. का, ते कधी सांगितलं नाही.

पाचवीला पाटा मांडला, कोरा कागद ठेवला, लेखणी ठेवली. सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर लिहून जाते म्हणतात. समईच्या उजेडात मी ते कपाळ न्याहाळत होते, पण नजर पुन्हापुन्हा चार बोटं वर सरकत होती. तिथं कुणी काहीच लिहिलेलं नव्हतं, आणि जागा मात्र जागी होती.

तो दिसामासी वाढला. सुरुवातीला त्याला जेमतेम वीतभर, फार तर तीस सेंटिमीटरपर्यंतचंच नीट दिसायचं, म्हणजे पदराआडून माझ्या तोंडापर्यंतचं. तेवढंच त्याचं जग होतं. दीड महिन्याचा झाला आणि त्या जगाकडे बघून हसला. पालथा पडला, बसू लागला, एका दुपारी रांगत उंबरा ओलांडून ओसरीवर गेला आणि मागे वळून बघितलंही नाही.

आठव्या महिन्यात त्याला जुलाब लागले. डॉक्टरांनी पोट तपासायच्या आधी टाळूवर बोट ठेवलं. ती खोल गेली होती. पाणी आटलेल्या डबक्यासारखा तो खळगा बघताना माझ्या पायांतलं बळ गेलं. ती अख्खी रात्र मी जलसंजीवनी पाजत होते. चमचा, थांबायचं, पुन्हा चमचा. निम्मं ओठांवरून गळ्याकडे ओघळायचं, निम्मं आत जायचं. रडत होता, पण डोळ्यांत पाणी नव्हतं. दोन वाजले, तीन वाजले. पहाटे घाटाकडून कुठल्यातरी देवळाची घंटा ऐकू आली आणि माझ्या बोटाखाली ती जागा हळूच वर आली होती. मी त्याच्या माथ्याला गाल लावला.

धकधक.

पहिल्या वर्षात बाळाच्या मेंदूचं वजन दुपटीहून अधिक होतं, म्हणून तर ही खिडकी उघडी ठेवलेली असते. मागची टाळू दोन-तीन महिन्यांतच मिटते, पुढची वर्ष-दीड वर्षात. हे मला ठाऊक होतं. तरी परवा त्याला तेल लावताना बोट नेहमीच्या जागी गेलं आणि तिथं काहीच सापडलं नाही. सगळीकडे सारखं, गुळगुळीत, टणक. ज्या जागेवर मी त्याला पहिल्यांदा ओळखलं, ती जागा त्याने मिटून घेतली होती, झोपताना मूठ मिटावी तशी.

१९९६ साली प्रसिद्ध झालेलं एक संशोधन मी कधीतरी वाचलं होतं. वारेतून बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात उतरतात आणि तिथंच वस्तीला राहतात. मुलगा होऊन २७ वर्षं झालेल्या आईच्या रक्तातही त्या सापडल्या. मला आता एकतिसावं चालू आहे.

तो तेलकट डोक्यानेच माझ्या हातून निसटला आणि दुडदुडत अंगणात पळाला. आई वाटीतलं उरलेलं तेल तळव्यावर घेत म्हणाली, "ये, बस आता तू."

मी तिच्यापुढे पाठ करून बसले. तिने हात माझ्या माथ्यावर ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.